नम्र माणसाचा राग



वैशाखातल्या या उकाड्यात दिवसभर मागावर, दुकानात किंवा शेतात राबून संध्याकाळी आपण एवढ्या संख्येने एखाद्या निवृत्त शाळामास्तराचे बोलणे ऐकायला येता, याचे मला मनापासून कौतुक वाटते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिचे लोण महाराष्ट्रात गावोगाव पोहोचले ते आपल्यासारख्या श्रोत्यांमुळे, वक्त्यांमुळे नव्हे. मी रागावर बोलणार असे चिटणीसांना कळविले, तेव्हा ते म्हणाले, “बरे झाले, या दिवसांत सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात.” ती थट्टा मी मान्य करतो, परंतु विषय थट्टेचा नाही.

प्रथम माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी नाथांच्या शांतीचा पाठ शिकवीत होतो. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या एकनाथ महाराजांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकतो, आणि नाथ न रागावता पुन्हा पुन्हा स्नानाला जातात, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. कथा रंगात आली होती. माझा गळा दाटून आला होता. इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा फिस्सकन हसला. मी पुस्तक खाली ठेवले, मागच्या बाकापर्यंत चालत गेलो आणि त्याच्या थोबाडीत मारली. मग परत येऊन नाथांची शांती पुढे चालू केली.

आपण हसलात, हे ठीकच झाले. वर्गात मात्र कोणी हसले नाही. चाळीस मुले गप्प बसून माझ्याकडे पाहत होती. तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही. आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, “सर, मारलं त्याचं काय न्हाई. मास्तर मारत्यातच. पन का मारलं ते काय त्याला कळलं न्हाई.” या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण का मारले, हे मलाही सांगता येत नव्हते. तो शांतीचा उपमर्द झाला म्हणून मारले, की माझ्या रंगलेल्या व्याख्यानाचा विरस झाला म्हणून मारले? आज मी जे बोलणार आहे ते त्या माउलीला द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे, असे समजा.

त्या प्रसंगानंतर मी संतचरित्रे निराळ्या नजरेने वाचू लागलो. आणि वाचता वाचता तुकोबांपाशी अडलो.

तुकोबांचा गाथा हा वारकऱ्यांचा धर्मग्रंथ आहे. 1869 व 1873 साली सरकारी साह्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी त्याची आवृत्ती दोन भागांत छापली. तीत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. हा ग्रंथ कोठूनही उघडा, दोन तुकोबा भेटतात. एक तुकोबा स्वतःला सर्वांहून धाकटे म्हणवितात. आपण कुणबी झालो हेच बरे, नाही तर दंभाने मेलो असतो, असे म्हणतात. हे बोल माझे नव्हेत, मी नुसता माप घालणारा, माल धन्याचा, असे सांगतात. लहानपणाचे मोल त्यांनी मुंगीच्या उदाहरणाने आपल्याला पटविले. आणि दुसरे तुकोबा? ते ढोंगी गुरूंवर, भगवी वस्त्रे नेसून पोट भरणाऱ्यांवर, मुलगी विकून पैसे घेणाऱ्या बापावर असे काही तुटून पडतात की, ते अभंग शालेय पुस्तकात घालण्याची कोणा संपादकाची छाती होत नाही. त्यांत शिव्या आहेत, शाप आहेत, जोडा आहे, काठी आहे. देवालाही त्यांनी सोडलेले नाही. माझ्यापुरता तू मेलास, असे विठ्ठलाला सुनावण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे.

ही दोन माणसे एकाच देहात कशी नांदली?

या प्रश्नाची तीन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले असे की, राग हा तरुण वयातला आणि नम्रता उतारवयातली. पण गाथ्यातील अभंगांचा कालक्रम लावून कोणाला असे दाखविता आलेले नाही. शिवाय तुकोबांना उतारवय लाभलेच नाही, 1650 साली ते गेले तेव्हा ऐन चाळिशीत होते. दुसरे उत्तर भाविकांचे. ते म्हणतात, संतांचा राग हा खरा राग नव्हेच, ती लटकी लीला. ज्याने ते अभंग मोठ्याने म्हणून पाहिले आहेत त्याला हे पटणार नाही. लटक्या रागाला अशी धार येत नाही. तिसरे उत्तर नास्तिकाचे. तो म्हणतो, नम्रता हाच मुळी देखावा, खरा माणूस रागात दिसतो. हे उत्तर मला सर्वांत अधिक बोचते, कारण माझ्यापुरते त्या दिवशी ते खरे ठरले होते. पण तुकोबांच्या बाबतीत ते टिकत नाही. का टिकत नाही, ते पाहू.

आपण प्रथम शब्दांचाच विचार करू. मराठीत राग म्हणजे कोप. संस्कृतात मात्र राग म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. अनुराग हा शब्द तेथलाच. एकाच शब्दाने संस्कृतात प्रेम आणि मराठीत कोप, हा काही निव्वळ अपघात नसावा असे मला वाटते. ज्याच्यावर जीव जडलेला नाही त्याच्या नाशाने माणूस रागावत नाही. फार तर हळहळतो. म्हणूनच आपण ‘रागलोभ’ असा जोडशब्द वापरतो. वेदांतही हा भेद दिसतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मन्यूची दोन सूक्ते आहेत. तेथे ऋषी मन्यूला बोलावतो, त्याची मदत मागतो. उलट गीतेने क्रोधाला नरकाच्या तीन दारांत बसविले. म्हणजे आपल्या परंपरेने रागाला सरसकट धिक्कारलेले नाही आणि सरसकट गौरविलेलेही नाही.

आता नम्रता. नम्र म्हणजे वाकलेला. पण कोणासमोर वाकलेला, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे नम्रतेसारखाच दिसणारा दुसरा एक गुण आहे, त्याचे नाव भीड. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून खरे बोलायचे नाही, सावकार बसला आहे म्हणून मजुरी मागायची नाही, पुढारी आला आहे म्हणून रस्त्याचा विषय काढायचा नाही, ही भीड. भीड भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणून गेले. नम्र माणूस स्वतःला विसरलेला असतो. भिडस्त माणूस मात्र सतत स्वतःचाच विचार करीत असतो: मी कसा दिसेन, मला काय म्हणतील. तेव्हा भीड ही नम्रतेची बहीण नसून अहंकाराची धाकटी बहीण आहे. तुकोबांच्या ठिकाणी नम्रता पुरेपूर होती, भीड मात्र औषधालाही नव्हती.

आता त्यांच्या आयुष्यातले प्रसंग पाहा. देहूत मंबाजी गोसावी नावाचे गृहस्थ होते. तुकोबांच्या कीर्तनाला गर्दी होते, हे त्यांना सहन होत नसे. ‘भक्तविजय’कार महिपतींनी सांगितलेली कथा अशी की, एकादशीच्या दिवशी लोकांच्या वाटेत मंबाजीच्या कुंपणाचे काटे येत होते. तुकोबांनी ते बाजूला सारले, तेव्हा मंबाजीने त्याच काटेरी फांदीने त्यांना झोडपले. रात्री कीर्तनाला मंबाजी दिसेना, म्हणून तुकोबा त्याच्या घरी गेले आणि मारता मारता तुमचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले.

महिपती ताहराबादचे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातले. ‘भक्तविजय’ लिहून झाला 1762 साली, म्हणजे तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. कोणी म्हणेल, भाविकाने रंगविलेली ही गोष्ट आहे. पण मंबाजीच्या छळाची एक समकालीन साक्षीदार आहे, आणि ती आपल्या शेजारची आहे. आपल्या तालुक्याची शीव ओलांडून वैजापूर तालुक्यात गेले की शिऊर लागते. तेथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. 1628 साली वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेली, शिऊरच्या पाठकांच्या घरात दिलेली ही बाई तुकोबांना गुरू मानून नवऱ्यासह देहूला राहिली. तिने आपली हकीकत अभंगांत लिहून ठेवली आहे. एका बाईने स्वतःच्या आयुष्याची कहाणी अशी सविस्तर सांगावी, ही त्या काळात दुर्मिळ गोष्ट. ती सांगते की, मंबाजीने त्यांना त्रास दिला, त्यांची गाय कोंडून मारली, आणि शूद्राचे कीर्तन ब्राह्मण ऐकतात अशी तक्रार पत्राने पुण्याला पाठविली. गाईच्या पाठीवरचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असेही ती लिहिते. त्या वळांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण या बाईने तुकोबांना रोज पाहिले होते, आणि दुसऱ्याला पडलेला मार या माणसाला लागतो असे तिला दिसले होते. एवढे मला पुरे आहे.

रामेश्वर भटांचा प्रसंग आपण जाणताच. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. जन्माची मिळकत पाण्यात गेली. परंपरा सांगते की तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले. रामेश्वर भटांना त्यांनी शाप दिला असे कोठे नाही. पुढे तेच भट त्यांचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती रचली.

म्हणजे हिशेब असा लागतो. पाठीवर काटे बसले, तेव्हा राग नाही. वह्या बुडाल्या, तेव्हा राग नाही. देवाशी भांडण आहे, माणसाशी नाही. मात्र कोणी धर्माच्या नावावर भोळ्यांना लुबाडले, पैशासाठी पोरीचा गळा कापला, की हाच माणूस पेट घेतो. तुकोबांनी दयेची व्याख्या केली आहे, तीत दोन गोष्टी एकत्र घातल्या आहेत: जीवांचे पालन करणे आणि त्यांना टोचणारे काटे नाहीसे करणे. दुसरी गोष्ट पहिलीला जोडलेला अपवाद नव्हे. ती दयेचाच दुसरा हात आहे. आई लेकराला पोटाशी धरते त्याच वेळी दुसऱ्या हाताने कुत्र्याला हाकलते. त्या वेळी ती प्रेमळ की रागीट, असे आपण विचारीत नाही.

मित्रहो, हे कोडे फक्त आपलेच नाही. आपल्याच कोकणात, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात, शेकडो वर्षे मराठी बोलत आलेला बेने इस्राएल समाज होता. त्यातले बहुतेक लोक आता इस्राएल देशात आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या शास्त्रातील कथांवर चक्क मराठी कीर्तने रचली. त्यांचा सर्वांत मोठा पुढारी मोशे. इजिप्तच्या गुलामगिरीतून लोकांना सोडविणारा, त्यांना धर्माज्ञा देणारा. त्याच्याविषयी त्यांचे शास्त्र सांगते की, पृथ्वीवर त्याच्याइतका नम्र माणूस दुसरा नव्हता. आणि तेच शास्त्र त्याचे राग लपवून ठेवीत नाही.

नम्रतेचे हे प्रशस्तिपत्र त्याला कोठे दिले आहे, हे पाहण्यासारखे आहे. मोशेची सख्खी बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्या बायकोवरून त्याची निंदा करतात. देव काय फक्त याच्याशीच बोलतो, असे विचारतात. मोशे एक शब्द बोलत नाही. नेमके येथेच, या गप्प राहण्याच्या जागी, ग्रंथकाराने त्याला नम्र म्हटले आहे. आणि मिर्यामला कोड फुटते तेव्हा तिला बरे कर म्हणून प्रार्थना करतो तो मोशेच. हिब्रूत येथे ‘अनाव’ असा शब्द आहे. दीन, पीडित या अर्थाचा शब्दही त्याच धातूपासून झालेला आहे. म्हणजे नम्र तो, जो कधी तरी दडपला गेला आहे आणि ते विसरलेला नाही. तुकोबांना 1630 च्या दुष्काळाने असेच दडपले. धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. भुकेचा अर्थ कळलेल्या माणसाची ती नम्रता होती.

आता मोशेचे दोन राग. पहिला असा: तो डोंगरावरून धर्माज्ञांच्या दगडी पाट्या घेऊन उतरतो, तो खाली लोक सोन्याचे वासरू करून नाचताहेत. तो पाट्या आपटून फोडतो. वासरू जाळून, त्याचे चूर्ण करून, पाण्यात कालवून लोकांना पाजतो. पुढे त्याच्या हुकुमाने तलवार चालते आणि सुमारे तीन हजार माणसे मरतात, हेही त्या ग्रंथाने नोंदविले आहे. ते मी आपल्यापासून लपवीत नाही, कारण लोकांसाठी आलेला रागसुद्धा किती भयंकर होऊ शकतो हे त्यावरून कळते. पण दुसऱ्या दिवशी तोच मोशे देवापुढे उभा राहून म्हणतो की, यांना क्षमा कर, नाही तर तुझ्या वहीतून माझेही नाव खोडून टाक. ज्यांच्यावर रागावला त्यांच्यावाचून त्याला स्वतःचा उद्धार नको आहे.

दुसरा राग पुष्कळ वर्षांनंतरचा. लोक पाण्यासाठी कुरकुर करतात. देव सांगतो, खडकाशी बोल, पाणी निघेल. मोशे वैतागलेला आहे. तो लोकांना बंडखोर म्हणतो, आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढायचे काय, असे विचारतो आणि काठीने खडकावर दोनदा प्रहार करतो. पाणी निघते, कोणी मरत नाही, काही फुटत नाही. आणि तरी याच रागासाठी त्याला शिक्षा होते. जन्मभर ज्या भूमीकडे लोकांना नेले ती त्याला दुरून पाहायला मिळते, तीत पाऊल ठेवायला मिळत नाही. असे का? पंडितांनी अनेक कारणे दिली आहेत. मला दिसते ते एवढेच की, त्या रागात ‘आम्ही’ शिरला होता. बोलायचे सोडून त्याने मारले, आणि मारताना स्वतःचे उपकार मोजले.

हे वाचले त्या दिवशी मला माझा सातवीचा वर्ग आठवला. मलाही बोलायचे होते आणि मी मारले होते.

येथवर आलो की उत्तर सापडले असे वाटू लागते. स्वतःसाठी राग तो अहंकार, दुसऱ्यासाठी राग ती दया. पुष्कळ कीर्तनकार येथेच थांबतात. मीही बरीच वर्षे थांबलो होतो. पण या उत्तरात दोन भोके आहेत, ती आपल्यापुढे ठेवतो.

पहिले भोक तुकोबांच्या घरातच आहे. त्यांची दुसरी बायको जिजाई, लोक तिला आवली म्हणतात. कथेकऱ्यांनी तिला कजाग ठरवून टाकले आहे. ती विठोबाला शिव्या देते, नवऱ्यावर ओरडते, आणि आपण हसतो. पण घरात दाणा नाही, पोरे भुकेली आहेत, आणि नवरा असेल नसेल ते वाटून टाकतो, अशा बाईने काय करावे? तिचाही राग दुसऱ्यासाठीच होता, लेकरांसाठी. तीच बाई भाकर घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढत असे, आणि तिच्या पायातला काटा काढायला प्रत्यक्ष विठोबा बसला, असे परंपरा सांगते. परंपरेने तिला हसून घेतले, पण देवाला तिच्या पायाशी बसविले, हा मला परंपरेचा शहाणपणा वाटतो. स्वतःचे नुकसान हसत सोसणाऱ्याने एकदा मागे वळून पाहावे, की त्या सोसण्याची किंमत घरात कोण भरत आहे.

दुसरे भोक याहून मोठे आहे, आणि ते या येवल्यात उभे राहून झाकता येणार नाही.

13 ऑक्टोबर 1935 रोजी याच गावी दलितांच्या परिषदेत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो, ते आपल्या हाती नव्हते. पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्याआधी 2 मार्च 1930 पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला होता. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसे पाच वर्षे दाराशी उभी राहिली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. दार उघडले नाही. अशा माणसांना आपण काय सांगणार? स्वतःच्या अपमानाचा राग धरू नका, तो अहंकार आहे, असे? ज्याला जन्मभर पायरीखाली उभे केले, त्याला आणखी वाका म्हणणे हा नम्रतेचा उपदेश नव्हे, तो निर्लज्जपणा आहे. त्याचा अपमान त्याच्या एकट्याचा नसतोच. कोट्यवधींचा अपमान त्याच्या एका देहावर होत असतो. त्याने स्वतःसाठी मागितले की ते आपोआप सर्वांसाठी होते.

तेव्हा भेद ‘स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी’ असा नाही. भेद असा आहे की, हा राग माणसाला दुसऱ्याच्या वर बसवू पाहतो, की दुसऱ्याच्या बरोबरीने उभे करू पाहतो? बरोबरी मागणे हा गर्व नव्हे. नम्रता म्हणजे आपण आहोत त्याहून स्वतःला खाली समजणे नव्हे. तो खोटेपणा होईल. नम्रता म्हणजे दुसऱ्याची जागा न बळकावणे. तुकोबा स्वतःला धाकटे म्हणतात, आणि वेदाचा अर्थ आम्हालाच कळतो असेही ठासून सांगतात. ही विसंगती नाही. शूद्राने वेदार्थ सांगू नये असे म्हणणाऱ्याला दिलेले ते बरोबरीचे उत्तर आहे.

आणि या दोघांना मी ओढूनताणून जवळ आणीत नाही. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याच्या शिरोभागी छापला तो तुकोबांचाच अभंग. त्याचा आशय असा की, संकोच करीत बसले तर पदरात काही पडत नाही; तेव्हा आता तोंड उघडलेच पाहिजे. म्हणजे मघाशी मी म्हटलेली भीड सोडण्याचा धडा त्यांनी तुकोबांकडून घेतला होता.

त्यांचा राग कसा होता, तेही पाहा. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर लोकांवर काठ्या घेऊन हल्ला झाला. रक्त निघाले. आंबेडकरांची माणसे खवळली होती, संख्येनेही थोडकी नव्हती. त्यांना आवरले ते आंबेडकरांनी. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. माणसांवर हात उगारू दिला नाही. माणसाला खाली दाबणाऱ्या पोथीला मात्र क्षमा केली नाही. आणि येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी काय केले? दुसऱ्या दिवशी धर्म बदलला नाही. वाचले, पारखले, वाट पाहिली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेतली. दिवस मोजा: एकवीस वर्षे आणि एक दिवस. रागाच्या झटक्यात घेतलेला निर्णय एकवीस वर्षे टिकत नाही. इतका दीर्घ राग बाळगायला मोठी शांती लागते. आणि त्या दिवशी हा ताठ मानेचा माणूस बुद्धाच्या मूर्तीपुढे हात जोडून वाकला. देवळाच्या दारात जो वाकला नाही, तो येथे वाकला, कारण येथे त्याला कोणी वाकविले नव्हते.

येवला हे मागांचे गाव आहे. पैठणी विणणाऱ्याला मी काय सांगावे? ताणा सैल राहिला तर पदरावरची नक्षी बसत नाही, आणि अति ताणला तर तुटतो. नम्रता आणि राग यांचे असेच आहे. दोहोंपैकी एकाने वस्त्र होत नाही.

आता शेवटचे. राग आला तर तो कोणत्या जातीचा, हे त्या क्षणी ओळखणे मोठे कठीण. डोके तापलेले असते. मला वाटते, तो ओळखू येतो रागानंतर. मोशेने पाट्या फोडल्या, ही गोष्ट सर्वांच्या लक्षात राहते. पण पुढची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. पहिल्या पाट्या देवाने घडवून दिल्या होत्या. त्या फोडल्यावर देव म्हणाला, आता तूच दोन पाट्या घड आणि डोंगर चढून ये. मोशेने स्वतःच्या हाताने दगड तासला आणि पहाटे उठून पुन्हा डोंगर चढला. ज्यूंची परंपरा तर असे सांगते की, फुटलेले तुकडेही टाकून दिले नाहीत. नव्या पाट्यांबरोबर एकाच पेटीत ठेवले. मनुस्मृती जाळणाऱ्यालाही पुढे वीस वर्षांनी राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होऊन नवा ग्रंथ घडवावा लागला. तुकोबांनी शिव्या दिल्या, पण रात्री त्याच लोकांपुढे वीणा घेऊन उभे राहिले. जो फोडतो आणि निघून जातो त्याचा राग अहंकाराचा. जो फोडतो आणि मग दगड तासायला बसतो त्याच्या रागाला दया म्हणायला हरकत नाही.

त्या मुलाच्या आईपुढे मी त्या दिवशी बराच वेळ गप्प बसलो होतो. शेवटी एवढेच म्हणालो, “बाई, त्याची चूक नव्हती. मला राग आला होता, तो माझा होता.” मुलगा दाराआड उभा होता, त्याने ते ऐकले असावे. तो माझ्या वर्गात परत आला नाही, बापाबरोबर कामाला जाऊ लागला. म्हणजे मी एक पाटी फोडली, आणि ती मला पुन्हा घडविता आली नाही. त्यानंतरच्या नोकरीत मी एकाही मुलावर हात उगारला नाही. रागावलो मात्र पुष्कळदा. मुलीची शाळा सोडविणाऱ्या बापावर रागावलो, पोषणाचा तांदूळ कमी भरणाऱ्यावर रागावलो, आणि अशा वेळी भीड धरली नाही. हा त्या फुटलेल्या तुकड्यांचा उपयोग म्हणावयाचा. ते मी जपून ठेवले आहेत.

आपण शांतपणे ऐकलेत. कोणी हसले असते तरी आज मी रागावलो नसतो, अशी आशा बाळगतो आणि आपली रजा घेतो.